गडग्यापलीकडची हाक

वादळ गेल्यानंतरच्या सकाळी आमच्या वाडीला कच्च्या नारळाचा वास येत होता. खवलेल्या किंवा वाळत घातलेल्या खोबऱ्याचा घरगुती वास नव्हे, तर मुळासकट आडव्या झालेल्या माडांच्या फुटलेल्या शेंड्यांचा, जमिनीवर आपटून उकललेल्या कोवळ्या शहाळ्यांचा, चिखलात चिरडलेल्या पोयींचा, म्हणजे माडाच्या तुऱ्यांचा, गोडसर, ओलसर वास. त्यात खाऱ्या वाऱ्याने होरपळलेल्या पानांचा करपट गंध मिसळला होता. आंबा, फणस, रतांबा, काल सकाळपर्यंत हिरवीगार असलेली झाडे एका दुपारीत तांबूस पडली होती आणि ज्यांची पाने गळाली होती त्यांच्यामधून, एरवी आमच्या अंगणातून कधीही न दिसणारा समुद्र थेट दिसत होता. तो निळा होता, शांत होता आणि आपण काही केलेच नाही अशा थाटात किनाऱ्याशी खेळत होता. मला त्याचा मनापासून राग आला.

देवबागच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र घेऊन राहणारी आमची वाडी त्या सकाळी जशी वागली, तशी वागताना मी तिला एवढ्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याने ते खोटे ठरत नाही. उजाडताच पुरुष कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडले आणि आडव्या माडांमधून वाट काढत घरोघर जाऊन उभे राहू लागले. "सगळी आसत मां?" एवढाच प्रश्न, आणि आतून "आसत" एवढे उत्तर आले की पुढचे घर. ज्यांची चूल शाबूत होती त्यांच्याकडे मोठ्या टोपात पेज शिजत होती. ज्यांच्या होड्या फुटल्या होत्या त्यांनी आपली जाळी काढून दिली आणि उघड्या पडलेल्या वाशांवर ताडपत्री टाकून ती त्या जाळ्यांनी आवळून बांधली गेली. पर्यटक पाहुण्यांसाठी बांधलेल्या आमच्या खोल्यांत तीन कुटुंबे राहायला आली. पांढऱ्याशुभ्र चादरींवर चिखलाचे पाय उमटले आणि मला, जिला एरवी चादरीवरची एक सुरकुती खपत नाही, त्याचे काहीच वाटले नाही. उलट एक प्रकारची धन्यता वाटली. माणसे मुळात चांगली असतात असे वाटायला लावणाऱ्या सकाळी आयुष्यात फार थोड्या येतात, आणि ती त्यांपैकी एक होती.

आमच्या घराच्या दक्षिणेला चिऱ्यांचा कमरेइतका गडगा आहे आणि त्याच्या पलीकडे इंदूवहिनीचे कौलारू घर. नात्याने ती माझी चुलत जाऊ. आम्ही दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन या वाडीत आलो, एकाच विहिरीचे पाणी भरले, सासवांच्या नकला करून एकाच परसात हसलो. मी शिक्षिका, सकाळी शाळेत जाताना माझा तान्हा मुलगा मी गडग्यावरून तिच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी तो न्हालेला, जेवलेला, पुष्कळदा झोपलेला परत मिळायचा. तिला स्वतःला एकच मुलगी, संगीता. ती पुढे दोडामार्गला दिली.

बारा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी खाडीकडे पाहुण्यांच्या खोल्या बांधायला काढल्या आणि सामानाच्या गाडीला तिच्या परसातून वाट मागितली. तिच्या नवऱ्याने ती नाकारली. त्यातून शब्दाला शब्द वाढला, जुनी उणीदुणी निघाली, मेलेल्या सासऱ्यांची नावे निघाली आणि शेवटी दोघे चुलतभाऊ ग्रामदेवतेच्या देवळात समोरासमोर उभे राहिले. मध्ये नारळ ठेवला गेला, गुरवाने गाऱ्हाणे घातले: या घरच्या माणसाचे पाऊल त्या घरच्या खळ्यात किंवा त्या घरच्याचे या घरच्या खळ्यात पडले, तर ज्याने टाकले आणि ज्याने टाकू दिले त्या दोघांच्याही वंशावर येऊ दे. जमलेल्या माणसांनी रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हटले. खळे म्हणजे आमच्याकडचे अंगण. मी देवळाच्या पायरीवर उभी होते, विज्ञान शिकवणारी बाई, आणि तोंडातल्या तोंडात मीही "व्हय म्हाराजा" म्हटले होते.

दोनच वर्षांनी तिचा नवरा वारला. आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, आत गेलो नाही. अशी शपथ सोडवायची तर दोन्ही घरच्यांनी मिळून देवळात जायचे असते, आणि आधी कोणी विचारायचे यावर दोन्ही घरे अडून बसली. दरम्यान तिने आमच्या पाहुण्यांच्या गोंगाटाबद्दल ग्रामपंचायतीत अर्ज दिला, मी तिच्या फणसाच्या आमच्याकडे आलेल्या फांद्या छाटून घेतल्या. ती गडग्यालगत शेणखताचा ढीग घालू लागली आणि मी पाहुण्यांना नाक मुरडत तिच्याबद्दल सांगू लागले. बारा वर्षांत अशा क्षुल्लक गोष्टींचा केवढा तरी थर साचतो. देवाचे नाव त्या थराच्या तळाशी कुठेतरी राहून गेले होते, पण बोलताना आम्ही नाव देवाचेच घेत होतो.

वादळाच्या दिवशी वाडीतली वीस-एक माणसे आमच्या स्लॅबखाली दाटीवाटीने बसली होती. इंदूवहिनी त्यांत नव्हती. दुपारी वारा घोंघावत आला, कौले पत्त्यांसारखी उडू लागली आणि गडग्यापलीकडून काहीतरी मोठे कोसळल्याचा आवाज आला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पूर्वाला आठवा महिना होता. मुलगा गोव्याला हॉटेलात नोकरीला, रस्ते बंद होऊन तिकडेच अडकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेजेचे टोप चुलीवर चढवून झाल्यावर, मी गडग्यापाशी गेले. तिच्या घराची पुढची बाजू उभी होती. मागच्या बाजूला छपराचा कणा खचून आत बसल्यासारखा दिसत होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी तिला हाक मारली. "वयनी, बरी आसस मां?"

मी गडग्यावर हात टेकून थांबले. मग आतून, खोलवरून आवाज आला. "बरी आसंय. तू जा."

त्या आवाजात काही वेगळे होते का, हा प्रश्न मी स्वतःला पुढे असंख्य वेळा विचारला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या आवाजात काही ना काही वेगळे सापडले आहे. पण त्या सकाळी मला त्यात फक्त तिचा ताठा ऐकू आला. एवढे आभाळ कोसळले तरी "तू जा" म्हणायला विसरली नाही, असे मनात म्हणत मी परत फिरले. यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "वाट मोकळी झाली काय देवळात जावया, शपथ सोडवून घेवया. मगे जा तू तिच्याकडे." देवळाच्या वाटेवर मोठा वड पडला होता आणि तो तोडायला दोन दिवस लागणार होते. हे बोलणे शहाण्या माणसाचे वाटले. मी पेज ढवळायला गेले.

आमच्याकडे रीत अशी आहे की कोणत्याही प्रसंगात माणसाच्या घरात आधी त्याची भावकी जाते. बाकीची वाडी त्या भावकीला विचारते आणि तिच्या शब्दावर विसंबते. इंदूवहिनीची जवळची भावकी म्हणजे आम्ही. शपथ सगळ्यांना ठाऊक होती, पण रीत शपथेहून जुनी असते, तिला अपवाद ठाऊक नसतात. म्हणून घरोघर विचारत आलेली माणसे गडग्याशी थांबून मलाच विचारत होती, "बाई, इंदू कशी आसा?" आणि मी सांगत होते, "बरी आसा. हाक मारलंय, ओ दिल्यान." पुढचे घर. त्या माणसांतल्या कोणालाही, ज्याच्या पायाला कसलीही शपथ बांधलेली नव्हती अशा कोणालाही, "जरा आत डोकावून या" एवढे म्हणायला मला किती श्रम पडले असते? मी ते म्हटले नाही. विसरले, असे म्हणवत नाही.

तिसऱ्या दिवशी मी हाकही मारली नाही. कामे फार होती. कोणाला ताप होता, कोणाचे औषध भिजले होते, पिण्याचे पाणी विहिरीत खारट झाले होते. इंदूवहिनीबद्दल कोणी विचारले की माझ्या तोंडून आदल्या दिवशीचेच वाक्य तसेच्या तसे बाहेर पडत होते. त्या दुपारी बातमी आली की धक्क्याच्या टोकाला उभे राहिले तर फोनला थोडी रेंज मिळते. अख्खी वाडी तिकडे लोटली. होडीच्या बॅटरीवर चार्ज केलेले दोन-तीन फोन हातोहात फिरत होते आणि जो तो मुंबईला, पुण्याला, गोव्याला ओरडून सांगत होता की आम्ही जिवंत आहोत. बायका रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या. मी सर्वांना नंबर लावून देत होते. या वाडीत असली कामे बाईंकडेच येतात आणि ती करताना बाईंची मान थोडी ताठ होते, हे कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात एका फोनवर संगीताचा फोन आला. कोणीतरी तो माझ्याच हातात दिला.

"काकी, आई कशी आसा गो? दोन दिस फोन लागणा नाय."

"बरी आसा," मी म्हटले. "बोललंय मी तिच्याशी. तू येव नको, रस्तो बंद आसा."

पलीकडे ती रडायला लागली, सुटकेने. "तू आसस म्हणान बरा," म्हणाली. तिचा नवरा मोटारसायकल काढून निघायच्या तयारीत होता, वाटेत झाडे आली तर चालत येणार होता, हे मला नंतर कळले. माझ्या शब्दावर त्याने मोटारसायकल परत उभी केली.

चौथ्या दिवशी मालवणातून दहा-बारा तरुण मुलामुलींचा गट पायी आला. पाठीवर तांदूळ, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या. ते प्रत्येक घराचे फोटो काढत होते, त्यावरून मी यजमानांपाशी थोडी कुजबुजलेही. त्यांना आमची भावकी ठाऊक नव्हती, गडगा ठाऊक नव्हता, बारा वर्षांपूर्वीचा नारळ ठाऊक नव्हता. समोर घर दिसले म्हणून ते सरळ इंदूवहिनीच्या खळ्यात शिरले, दार ढकलले आणि क्षणभराने त्यांच्यातली एक मुलगी तोंडावर ओढणी दाबून बाहेर पळत आली.

छपराचा वासा इंदूवहिनीच्या उजव्या पायावर पडला होता. तो तिने कसाबसा स्वतःच हलवला होता आणि घोट्याच्या जखमेवर लुगड्याची चिंधी बांधून ती कोपऱ्यात बसून होती. तिला साखरेचा आजार. गोळ्या मागच्या खोलीत ढिगाऱ्याखाली. कळशीत उरलेल्या पाण्यावर तिने ते दिवस काढले होते. चिंधीखालचे मी पाहिले नाही. गडग्याच्या अलीकडे उभी होते, आणि वास मात्र तिथवर येत होता.

मुलांनी तिला खुर्चीत बसवले आणि चौघांनी खुर्ची उचलली. खाडीच्या धक्क्याकडे जायची सरळ, जवळची, साफ केलेली वाट आमच्या खळ्यातून जाते. यजमानांनी स्वतः होडी काढून ठेवली होती आणि गडग्याचे चार चिरे काढून ते हात पुढे करून उभे होते. त्या क्षणी ते शपथ, वड, देऊळ सगळे विसरले होते, हे त्यांच्या बाजूने मी नमूद करते. पण खुर्ची गडग्याशी आली तशी इंदूवहिनीने, जिच्यात मान सावरायचे त्राण उरले नव्हते तिने, एका मुलाचे मनगट घट्ट धरले. "हंयसून नको," ती म्हणाली. "तेंच्या खळ्यातसून नको. मागल्या वाटेन न्हेवा."

मागच्या वाटेवर अजून माड आडवे होते. मुलांनी तिला समजावले, ती ऐकेना, ओरडायलाच लागली. अखेर ते तिला घेऊन त्या झाडांवरून चढत-उतरत, खुर्ची हेलकावत, लांबच्या वाटेने गेले. मी आमच्या ओसरीवरून ते पाहत होते. पूर्वा माझ्या मागे दारात उभी होती. मला दया आली, भीती वाटली आणि त्याच वेळी, मी खरे तेच लिहिते आहे, संतापही आला. मरणाच्या दारात आहे, तरी मस्ती जात नाही, असे मी मोठ्याने म्हटले. पूर्वाने ऐकले.

इंदूवहिनीला गोव्याला न्यावे लागले. पाऊल घोट्याच्या वरून काढले. आणखी एक दिवस आधी आली असती तर वाचवता आले असते का, हे मी कोणाला विचारले नाही आणि कोणी आपणहून सांगितले नाही. तिथून संगीता तिला परस्पर दोडामार्गला घेऊन गेली.

वड तोडून वाट मोकळी झाली. आम्ही देवळात गेलो. इंदूवहिनीच्या वतीने संगीताचा नवरा आला. गुरवाने गाऱ्हाणे घातले, नारळ फुटला, "व्हय म्हाराजा" झाले. पाव तास लागला असेल. बारा वर्षे जे उचलता येत नव्हते ते पाव तासात उतरले आणि यजमानांच्या डोळ्यांत पाणी आले. खोबऱ्याचे तुकडे वाटता वाटता गुरव सहज म्हणाला, की असल्या प्रसंगी इथवर यायची गरज नसते, घरच्या दारातून देवाच्या दिशेने हात जोडून सांगितले असते तरी पुरले असते. ही गोष्ट तर लहान मुलालाही ठाऊक असते. खरे आहे. मलाही ती ठाऊक होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूने सांगितली होती.

पावसाळा येऊन गेला. पूर्वाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. वादळात एकजूट दाखवल्याबद्दल तालुक्याच्या ठिकाणी आमच्या वाडीचा सत्कार झाला, आणि वाडीच्या वतीने भाषण करायला अर्थातच मला उभे केले गेले. मी पेजेबद्दल बोलले, जाळ्यांनी बांधलेल्या छपरांबद्दल बोलले, धक्क्यावरच्या फोनबद्दल बोलले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. टाळ्या वाजल्या. शाल अंगावर घेताना माझ्या मनात आले की खऱ्या गोष्टी नीट निवडून सांगता आल्या की माणसाला खोटे बोलावेच लागत नाही.

दिवाळीनंतर मी दोडामार्गला गेले. संगीताचे घर काजूच्या बागेच्या कडेला. मागे रबराची झाडे, सावली थंडगार, आणि हवेत रबराच्या चिकाचा आंबूस वास. इंदूवहिनी पडवीत खाटेवर बसली होती, पायांवर चादर. केस पुरते पांढरे झाले होते. मी वाटभर वाक्ये जुळवत आले होते आणि तिच्यासमोर बसल्यावर त्यांतले एकही आठवेना. तिने आधी नातीबद्दल विचारले. कोणासारखी दिसते, जावळ किती आहे, रात्री झोपू देते का. मी फोनमधला फोटो दाखवला. तो तिने हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला, बोटाने पुसला. तिच्याच मांडीवर वाढलेल्या मुलाची ही मुलगी, हे माझ्या तेव्हा लक्षात आले, तिच्या ते कधीपासून आले असेल कोण जाणे.

"सुनेक आठवो लागलेलो, माका ठावक होता," ती म्हणाली. बोलताना तिची नजर फोटोवरच होती. "मी एकटी, लेक दिल्या घरची. माझ्याकडे वंश खंयचो? जा काय व्हयात ता तुमच्या घराक. म्हणान तुका सांगलंय, बरी आसंय."

खुर्ची, आमच्या गडग्याचे काढून ठेवलेले चिरे आणि तिचे ते ओरडणे एकदम डोळ्यांपुढे आले, आणि माझे मोठ्याने उच्चारलेले वाक्यही.

"तू हाक मारलंस, आणि माका आतसून कापरा भरला," ती पुढे म्हणाली. "तू येशीत म्हणान मी भियालंय."

संगीता आतून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. त्या एवढ्या वेळात मी माझ्यापाशी काय आहे ते चाचपून पाहिले. त्या बाईचा शपथेवर संपूर्ण विश्वास होता आणि तिने त्या विश्वासापायी माझी नात वाचवली, आपल्या पायाच्या बदल्यात. निदान तिच्या हिशेबी तरी तसेच होते. माझा विश्वास नव्हता. तेव्हाही नव्हता, पायरीवर "व्हय म्हाराजा" म्हणतानाही नव्हता. वंशावर काही येईल या भीतीने माझे पाऊल अडले असते तर मी आज तिच्यासमोर थोडी तरी सरळ बसले असते. मला भीती वाटलीच नव्हती. तिच्या "तू जा" मध्ये मला माझी सोय सापडली होती, आणि बारा वर्षांचा राग त्या सोयीला टेकू देत उभा होता.

इंदूवहिनीने फोन परत दिला. माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी शाळेतून दमून आल्यावर ती ठेवायची तसाच, तिच्या लेखी मधली वर्षे गेलीच नव्हती.

"तू पण भियालंस मां?" तिने विचारले, अगदी मऊ आवाजात, माझ्यासाठी वाट मोकळी करून देत.

"व्हय," मी म्हटले.

तिने मान हलवली. तिचे समाधान झाले होते. मग तिने चहा गार होतो आहे म्हणून माझा कप माझ्या हातात दिला.